अर्ज कुठवर आला?

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : सहशिक्षक, बी.ए., बी.एड., पुंडलिकनगर)



आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे येणारे अर्ज येत्या वर्षापासून संगणकावर नोंदवावेत आणि त्यासाठी नवे सॉफ्टवेअर घ्यावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला आहे. त्यावर शिक्षकांच्या वतीने दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. तथापि दरवर्षी जून उजाडला की अर्ज भरून घेणे, दाखले गोळा करणे, झेरॉक्सवर सही-शिक्का मारणे ही कामे वर्गशिक्षकाच्या वाट्याला येतात. ती संपली की पुढे दिवाळीपर्यंत एकच प्रश्न आमचा पाठलाग करतो : 'सर, आमचा अर्ज कुठवर आला?'

माझे सारे म्हणणे या प्रश्नाभोवती आहे. ज्या सॉफ्टवेअरमुळे या प्रश्नाचे खरे उत्तर पालकाला घरबसल्या मिळेल, ते आपल्या कामाचे. ज्यामुळे केवळ कार्यालयातील कपाट रिकामे होईल, ते घेतले नाही तरी निधीचे काही अडणार नाही.

दानधर्म आणि यंत्र यांचे वाकडे आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच शहरात पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती अठराव्या शतकात उभी राहिली. शहराबाहेरच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून मैलोगणती पाणी आणले, ते उंचावरून सोडले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवून तेथे उतरलेल्या फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळले. सहलीला मुलांना नेतो तेव्हा मुले पाणी कसे पडते ते पाहतात. मी त्यांना पीठ कोणासाठी होते ते विचारायला सांगतो. यंत्र होते ते जेवणाऱ्यासाठी. आपल्या निधीचे यंत्र कोणासाठी असणार, हे आधी ठरवावे आणि मग दुकानदाराला बोलवावे.

येथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. निधीची अर्धी बाजू केव्हाच संगणकावर गेलेली आहे. आयकरात सवलत देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचे विवरणपत्र ऑनलाइन भरावे लागते. देणगीदाराचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम, सारे त्यात येते आणि त्याचे प्रमाणपत्रही आयकर खात्याच्या पोर्टलवरूनच काढून द्यावे लागते. म्हणजे ज्याने दिले त्याची नोंद चोख. ज्याने मागितले त्याची नोंद मात्र लांबट रजिस्टरात, शाईच्या पेनाने, आणि रजिस्टर ज्या कपाटात त्याची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. कायद्याने सक्ती केली ती बाजू सुधारली. जिथे सक्ती नव्हती ती बाजू तशीच राहिली. हे आपल्याच निधीचे आहे असे नाही, बहुतेक धर्मादाय निधींचे असेच असते.

आता कागदी अर्जाचे काय होते ते पाहा. समजा, एका वर्षी ३०० अर्ज आले. प्रत्येक अर्जाला जोडपत्रे सात : गुणपत्रिका, बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान आणि फीची पावती. म्हणजे २१०० कागद झाले. एक लेखनिक आणि दोन विश्वस्त ते संध्याकाळी बसून तपासतात. त्यांचे तीन गठ्ठे होतात. पहिला मंजूर, दुसरा नामंजूर, आणि तिसरा 'अपूर्ण'. मंजूर झाले त्यांना धनादेश जातो. नामंजूर झाले त्यांना निदान नोटीस बोर्डावरची यादी वाचून कळते. पण तिसरा गठ्ठा? त्यात उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा निघालेला असतो, पासबुकाच्या झेरॉक्सवर खाते क्रमांक पुसट आलेला असतो, एखाद्यावर मुख्याध्यापकांचा शिक्काच नसतो. त्रुटी दहा मिनिटांत दूर होण्यासारखी असते, पण ती अर्जदाराला कोणी कळवत नाही. कारण कळवायचे तर तीस-चाळीस घरी फोन करावे लागतील आणि ते काम कोणाच्याच नावावर लिहिलेले नसते. मुदत संपते, पैसा संपतो, गठ्ठा बांधून माळ्यावर जातो. ज्या मुलाचा अर्ज नाकारला गेला तो निराश तरी होतो. ज्याचा अर्ज 'अपूर्ण' राहिला तो वाट पाहत बसतो.

हे मी कोणा लेखनिकाला दोष देण्यासाठी सांगत नाही. दोष आहे तो पद्धतीचा. म्हणूनच सॉफ्टवेअरकडून पहिली अपेक्षा हीच ठेवावी की 'अपूर्ण' या शब्दाबरोबर त्रुटी काय, ती कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करावी आणि कोणाला भेटावे, हा मजकूर अर्जदाराच्या मोबाइलवर मराठीत किंवा उर्दूत गेलाच पाहिजे. तो गेल्याशिवाय यंत्राने अर्ज पुढे किंवा मागे हलवूच नये.

त्रुटींविषयी बोलतो आहे तर नावांविषयी बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. मराठवाड्यातील शाळांच्या जनरल रजिस्टरात 'शेख अस्लम शेख युसूफ' असे नाव लिहिण्याची जुनी पद्धत आहे. आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग पुन्हा आडनावासकट वडिलांचे नाव. आधार कार्डावर तोच मुलगा 'अस्लम युसूफ शेख' होतो. इंग्रजीत 'शेख'ची चार-पाच स्पेलिंगे. 'मोहम्मद'चे तर विचारू नका. कुठे पूर्ण, कुठे तोडलेले, कुठे नुसती 'एम.डी.' ही दोन अक्षरे, म्हणजे एखाद्याला वाटावे मुलगा जन्मतःच डॉक्टर आहे. मुलींच्या नावापुढे शाळेत 'बेगम', बँकेत 'बी', आधारवर काहीच नाही. माणूस वाचतो तेव्हा त्याला कळते की ही तीच मुलगी. यंत्र अक्षराला अक्षर ताडून पाहते आणि सांगते की या तीन निराळ्या व्यक्ती आहेत. हा प्रश्न शेख-पठाणांपुरताच आहे असेही नाही. गायकवाड आडनावाच्या माझ्या विद्यार्थ्यांत तीन स्पेलिंगे आहेत.

त्यात आपल्या शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. जुन्या दाखल्यांवर औरंगाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. संगणकावरच्या यादीत जिल्ह्याचे नाव निवडायचे असते तेथे दाखल्यावरचे नाव आणि यादीतले नाव जुळले नाही, की भरणारा गोंधळतो. दोन्ही नावे एकच जिल्हा दर्शवितात, एवढे यंत्राला शिकवून ठेवले की झाले. पण ते शिकवायचे आहे हे आधी सुचले पाहिजे, आणि ते सुचते ज्याने काउंटरवर बसून अर्ज घेतले आहेत त्याला. पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला नव्हे.

माझी सूचना अशी. आपल्या नोंदीत नावाची तीन घरे असावीत : शाळेत जसे आहे तसे, आधारवर आहे तसे आणि बँकेत आहे तसे. तिन्ही जुळत नसतील तर मुख्याध्यापकांनी 'ही एकच व्यक्ती' म्हणून टीप लिहावी आणि काम पुढे जावे. विद्यार्थ्याची ओळख नावावर ठेवूच नये. शाळेचा यू-डायस क्रमांक आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक, ही जोडी आपल्याला पुरेशी आहे. आणखी एक. आपल्या जुन्या लाभार्थ्यांच्या याद्या ज्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत ते युनिकोडच्या आधीचे आहेत. पडद्यावर अक्षरे दिसतात, पण शोधायला गेले तर यंत्राला ती सापडत नाहीत. त्या याद्या युनिकोडमध्ये आणण्याचे काम आधी करावे लागेल. ते कंटाळवाणे आहे. सुटीत आम्ही शिक्षक ते वाटून घेऊ शकतो.

आता मोठ्या अनुभवांकडे वळू. केंद्र सरकारची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली. आरंभी अर्ज कागदी होते. २०१५ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आले आणि पुढे हे अर्ज तेथे गेले. रक्कम फार मोठी नव्हती. घरी राहून शिकणाऱ्या प्राथमिक वर्गातील मुलाला वर्षाला १००० रुपये. पण ज्या घरात वह्या-पुस्तकांसाठी उसनवारी होते त्या घरात हजार रुपयांची किंमत काय असते, हे तुम्हाला सांगायला नको. २०२२-२३ मध्ये पहिली ते आठवीसाठी ही शिष्यवृत्ती बंद झाली आणि ती नववी-दहावीपुरती उरली. निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाला, तोवर मुलांचे अर्ज भरून झाले होते. पालकांनी सायबर कॅफेत दिलेले पैसे गेले ते गेलेच.

त्याच पोर्टलचा दुसरा अनुभव अधिक कटू आहे. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने १५७२ संस्थांची तपासणी करविली, तेव्हा त्यांतील ८३० संस्था बंद, बनावट किंवा अंशतः बनावट निघाल्या. सुमारे १४४ कोटी ८३ लाख रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला गेला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला. सारे अर्ज ऑनलाइन होते, बँक खाती होती, ओळख क्रमांक होते. मग हे घडले कसे? पोर्टलला शाळा प्रत्यक्ष दिसत नाही. शाळेच्या नावाने कोणी तरी लॉग-इन करून 'पडताळणी झाली' असे बटण दाबले की त्याला ते खरेच वाटते. पुढे शाळांच्या नोडल अधिकाऱ्यांची बोटांच्या ठशांनी ओळख पटविण्याची पद्धत आली, पण ती नंतर. यातून आपण काय घ्यावे? पासवर्ड ही सही आहे. मुख्याध्यापकांचा पासवर्ड शिपायाला, शिपायाचा सायबर कॅफेवाल्याला, हा जो प्रकार आपल्या अनेक शाळांत सर्रास चालतो तो निदान आपल्या निधीपुरता तरी थांबला पाहिजे. आणि दर वर्षी काही अर्ज चिठ्ठ्या टाकून निवडावेत व दोन शिक्षकांनी त्या घरी जाऊन यावे. संशय म्हणून नव्हे, भेट म्हणून जावे. चहा तर मिळेलच.

आपल्या राज्याचे महाडीबीटी पोर्टल २०१७ मध्ये आले. हेतू चांगला होता : शिष्यवृत्तीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जावी. पण पहिल्याच वर्षी ते इतके अडखळले की शासनाला त्या वर्षापुरता ऑफलाइन मार्ग मोकळा करावा लागला. आज ते पुष्कळ सुधारले आहे. माझे म्हणणे एवढेच की ज्या शासनापाशी एवढी साधने आहेत त्यालाही पहिल्या वर्षी कागदाचा आधार घ्यावा लागला. आपण तो आधार आधीच ठेवावा. संगणक आणला त्याच दिवशी कागदाची खिडकी बंद करू नये. निदान दोन वर्षे दोन्ही चालू द्यावे.

धर्मादाय निधीचे जवळचे उदाहरण हवे असेल तर मुख्यमंत्री सहायता निधी पाहा. गंभीर आजारावरील उपचारांसाठी या निधीतून मदत मिळते. डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक, तहसीलदारांचा दाखला, रुग्णाचे आधार, शिधापत्रिका, तपासण्यांचे अहवाल, आणि लहान मूल असेल तर आईचे आधार, असे कागद लागतात. एके काळी यासाठी मुंबईला मंत्रालयात खेटे घालावे लागत. मराठवाड्यातला माणूस रात्रीच्या गाडीने निघे, सकाळी रांगेत उभा राही आणि एक कागद कमी म्हणून परत येई. नंतर अर्ज ई-मेलने घेऊ लागले, आणि २०२५ मध्ये प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी कक्ष सुरू करण्यात आले. मला यात दोन गोष्टी आवडतात. एक म्हणजे ऑनलाइन सोय झाली तरी माणूस बसलेला कक्षही जिल्ह्यात आणला. दुसरी अशी की मदतीची रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. आपणही फीची रक्कम थेट शाळा-महाविद्यालयाच्या खात्यात भरावी आणि वह्या-पुस्तके, बसचा पास यांची रक्कम पालकाच्या, शक्यतो आईच्या, खात्यात द्यावी. सगळेच संस्थेला दिले तर मुलाच्या हाती काही येत नाही. सगळेच घरी दिले तर फी थकते. मधला मार्ग बरा.

आता सॉफ्टवेअर कोणते? विश्वस्त मंडळाकडे दोन-तीन कंपन्यांची दरपत्रके आली आहेत, असे कानावर आले. त्यांवर मी बोलणार नाही. पण विकत घेण्याआधी एक पर्याय पाहून ठेवावा असे वाटते. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने ईआरपीनेक्स्ट नावाचे सॉफ्टवेअर तयार केले आहे. ते मुक्त परवान्याचे आहे. म्हणजे त्याची मूळ रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते, आणि परवान्याचे शुल्क नाही. सेवाभावी संस्थांसाठी त्याला जोडणारा जो भाग आहे त्यात देणगीदार, सदस्य आणि अनुदानाचे अर्ज यांच्या नोंदींची सोय आहे. अर्ज आला, तपासणी चालू आहे, मंजूर झाला, नाकारला, अर्जदाराने मागे घेतला, अशा अवस्था त्यात नोंदविता येतात. पूर्वी मदत मिळाली होती काय याचीही जागा आहे. 'अपूर्ण'चे घर आपल्याला बनवून घ्यावे लागेल, आणि ते मराठीत दिसेल असे करावे लागेल. फुकट म्हणजे बिनखर्चाचे मात्र नव्हे. ते ठेवायला भाड्याची जागा लागते, कोणी तरी ते सांभाळावे लागते, दर आठवड्याला त्याची प्रत काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी लागते. संस्थेतील एकाच हौशी तरुणाच्या लॅपटॉपवर सगळा निधी बसविला आणि त्याला पुण्यात नोकरी लागली, तर काय होईल याचा विचार करा. किमान दोघांना ते यावे, आणि त्यांतील एक जण पगारी सेवक असावा.

माझ्या मते पहिल्या वर्षी एवढ्याचीही गरज नाही. साधा तक्ता घ्या, ज्यात हिशेब ठेवतो तोच. प्रत्येक अर्जाला क्रमांक द्या, पावती द्या, आठ-दहा स्तंभ आखा आणि एक वर्ष काटेकोरपणे भरा. या एका वर्षात आपल्याला कळेल की आपण नेमके काय विचारतो, काय उगाच विचारतो आणि कोणत्या टेबलावर अर्ज थांबतो. मग सॉफ्टवेअर घ्या. पद्धत विस्कळीत असताना सॉफ्टवेअर घेतले तर तोच विस्कळीतपणा पडद्यावर दिसू लागतो. वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी केंद्राने ६ जून २०२५ रोजी उम्मीद पोर्टल सुरू केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा ज्यांचे कागद आधीपासून लावलेले होते त्यांचे निभावले. ज्यांचे कागद पेटीत, बोहऱ्याच्या दुकानासारखे कोंबलेले, त्यांचे दिवस पोर्टलवर नाही, पेटीत शोधण्यात गेले. राज्याच्या वक्फ मंडळाचे मुख्यालय त्याच पाणचक्कीच्या आवारात आहे. तिथे ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती धावपळ पाहिली आहे.

निधीतील रकमेविषयी एक मुद्दा आहे, तो येथे सांगितलाच पाहिजे. आपल्याकडे जकातीची रक्कम येते, इमदाद म्हणून येते, आणि एखादा देणगीदार 'आमच्या आईच्या नावाने एका मुलीची फी' म्हणूनही देतो. जकात कोणाला द्यावी याचे नियम ठरलेले आहेत. ती इमारतीच्या रंगाला किंवा संगणकाच्या खरेदीला वापरता येत नाही, असेच आपल्याकडे मानले जाते. देणगीदाराने सांगितलेला उद्देश मोडणे हेही योग्य नाही. तेव्हा या रकमांची खाती यंत्रातही अलग असावीत आणि प्रत्येक मंजूर अर्जासमोर रक्कम कोणत्या खात्यातून गेली ते उमटावे. ही नोंद कार्यालयापुरती राहावी. मुलाच्या पावतीवर 'जकात' असे छापण्याचे काहीही कारण नाही.

यावरून लाज आणि अब्रू यांचा प्रश्न येतो. या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी धनादेश घेणाऱ्या मुलीचा फोटो साऱ्या व्हॉट्सअॅप गटांत फिरवतो. संगणकावर माहिती गेली की ती एका बोटाने शंभर ठिकाणी जाऊ शकते. वडिलांचा आजार, घटस्फोट, कर्ज, आईची मोलमजुरी, हे सारे अर्जात लिहिलेले असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आपले जवळजवळ सगळे अर्जदार त्या वयाचे आहेत. माझा आग्रह असा की आधार कार्ड पाहावे, पण त्याची प्रत साठवू नये. घरची कहाणी तपासणाऱ्या दोघांखेरीज कोणाला दिसू नये. आणि यादी लावायची तर अर्ज क्रमांकाची लावावी, नावांची नाही.

आता वेळेचा प्रश्न. आयकराच्या नियमानुसार धर्मादाय संस्थेने आपल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशासाठी खर्च करायचा असतो. त्यामुळे अनेक निधींत मार्च महिन्यात वाटपाची घाई होते. पण मुलाची फी मार्चमध्ये नसते. अकरावीचा प्रवेश, आयटीआयचा प्रवेश, पॉलिटेक्निकचा पहिला हप्ता हे सारे जून ते ऑगस्टमध्ये असते. मार्चमध्ये मिळालेल्या रकमेने वडिलांनी घेतलेले कर्ज फिटते. पण कर्ज मिळालेच नाही म्हणून ज्याचा प्रवेश हुकला तो तोवर एखाद्या गॅरेजमध्ये लागलेला असतो, आणि एकदा हाती पगार आला की त्याला परत बाकावर बसविणे फार कठीण. अर्ज संगणकावर आले तर तपासणीचे दिवस कमी होतील. ते वाचलेले दिवस सत्काराच्या कार्यक्रमाची तारीख साधण्यासाठी नव्हे, तर जुलैपूर्वी फी भरण्यासाठी वापरले पाहिजेत.

पैसा वेळेवर न मिळण्याइतकेच तो मध्येच थांबणेही वाईट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, असा तो अर्ज मंजूर झाला होता. पुढे लंडनला त्यांचे शिक्षण चालू असतानाच १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना ते अर्धवट टाकून परत यावे लागले; पुन्हा जायला १९२० उजाडले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये याच शहरात महाविद्यालय काढले, ते मिलिंद महाविद्यालय. तेवढ्या जिद्दीचा माणूस तीन वर्षांनी परत गेला. आपली अकरावीतली मुलगी बारावीला मदत थांबली तर परत येईलच, याची हमी नाही. म्हणून ज्याला एकदा मंजुरी दिली त्याचे नूतनीकरण विसरता कामा नये. निकाल लागला की यंत्राने आपण होऊन पालकाला आणि वर्गशिक्षकाला आठवण द्यावी. त्याला पुन्हा सातही कागद मागू नयेत, केवळ नवी गुणपत्रिका पुरे.

शेवटी पुंडलिकनगरचे. येथे आणि शेजारच्या वस्त्यांत चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांत जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. घरात स्मार्टफोन एक, तोही वडिलांकडे, आणि वडील पाळीवर. मुलगी दुपारी अर्ज भरायला बसते तेव्हा खातरजमेचा सहा आकडी क्रमांक वाळूजला वाजतो आणि यंत्राच्या आत फोन नेण्यास मनाई असते. मग ती रस्त्यावरच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जाते. दुकानदार शे-दीडशे रुपये घेतो, मोबाइल क्रमांक स्वतःचाच टाकतो, आणि पुढे त्रुटीचा संदेश आला तर तो त्याच्याच फोनवर पडून राहतो. अशा दुकानदारांत चांगले लोकही आहेत; पण आपल्या निधीच्या अर्जासाठी कोणाला एक पैसाही द्यावा लागू नये, यावर आपण ठाम असावे.

यासाठी मी आणि आणखी चार शिक्षकांनी ठरविले आहे, आणि मंडळाची परवानगी मिळाली तर एप्रिलपासूनच ते सुरू होईल. दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही पुंडलिकनगरात अर्ज भरून देण्यास बसू. रविवार यासाठी की बहुतेकांच्या पाळीला त्या दिवशी सुट्टी असते. अर्ज भरला की क्रमांकाची पावती हातात मिळेल, आणि तिच्यावर कोणाला विचारायचे त्या शिक्षकाचे नाव लिहिलेले असेल. अर्ज कागदावर लिहून आणला तरी चालेल. संगणकावर चढविणे आमचे काम. येताना मूळ गुणपत्रिका, यंदाचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि फीची पावती आणावी. आधार कार्ड केवळ दाखवायला आणावे. झेरॉक्सवर खर्च करू नये, फोटो तेथेच घेतला जाईल. ज्यांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो त्यांनी नव्या दाखल्यासाठी तहसीलचा अर्ज आधी करावा, कारण त्याला दिवस लागतात.